ओगराळ्याचा दांडा किती लांब करायचा?

पावसाळा तोंडावर आला की मुंबईच्या वस्त्यांमधून महापालिकेच्या आरोग्य सेविका घरोघर फिरू लागतात. क्लोरीनच्या गोळ्या देतात, घरात कुणाला ताप-जुलाब आहेत का विचारतात, पाणी उकळून प्या म्हणून बजावतात. आणि एक सूचना हमखास करतात : पिण्याच्या पाण्यात हात बुडवू नका, लांब दांड्याच्या ओगराळ्याने पाणी काढा. महाराष्ट्राला ही सूचना नवी नाही. ग्रामस्वच्छतेच्या मोहिमांपासून अंगणवाडीच्या भिंतीपर्यंत ती सगळीकडे पोचलेली आहे, आणि माठाशेजारी टांगलेलं ओगराळं हे नीटनेटक्या घराचं लक्षण मानलं जातं.

सूचना बरोबर आहे, हे आधीच सांगतो. नळातून पडताना चांगलं असलेलं पाणी घरात साठवल्यावर दूषित होतं, असं जगभरच्या गरीब वस्त्यांमध्ये आढळलेलं आहे. पाणी काढणाऱ्या हाताबरोबर आणि बुडवलेल्या पेल्याच्या बुडाबरोबर विष्ठेतले जंतू आत जातात, आणि कॉलरा, कावीळ, विषमज्वर, लहान मुलांचे जुलाब या वाटेने घरात शिरतात. म्हणून हात आणि पाणी यांच्यामध्ये दांडा असणं केव्हाही चांगलं. माझं भांडण ओगराळ्याशी नाही. मुंबईसारख्या श्रीमंत महापालिकेने आपल्या निम्म्या नागरिकांच्या आरोग्याची जबाबदारी त्या दांड्याला लटकवून ठेवली आहे, त्याच्याशी आहे.

या सूचनेमागे एक गृहीत धरलेलं असतं. वस्तीतल्या बाईला स्वच्छता कळत नाही, ती तिला शिकवायला हवी, असं ते गृहीत. आता आपलं स्वयंपाकघर पाहा. पातळ पदार्थात हात घालायचा नाही, ही गोष्ट या घरांना कुणी नव्याने सांगायची गरजच नाही. आमटीला डाव वेगळा, तेला-तुपाला पळी वेगळी, कढी-ताकाला खोलगट ओगराळं, तळणीला झारा. कोकणातून आलेल्या घरांत करवंटीला काठी बसवून केलेली डवली अजून सापडते. देवघरातसुद्धा तीर्थ द्यायचं ते पळीने, वरून, तळहातावर. उष्ट्या-खरकट्या हाताने भांड्याला शिवायचं नाही, यावरून लहान मुलांना ओरडा बसतो. पिढ्यान्‌पिढ्या इतका बारकावा पाळणारी बाई पिण्याच्या पाण्यात मात्र हात घालते, ती का? तिला कळत नाही म्हणून घालते, हे उत्तर मला पटत नाही. तिच्या खोलीत जाऊन पाहिलं की उत्तर दिसतं.

दहा बाय बाराची खोली. एका कोपऱ्यात मोरी, मोरीजवळ निळा प्लास्टिकचा ड्रम. दोनशे लिटरचा, जवळजवळ तीन फूट उंच, जुन्या बाजारातून आणलेला, कधीकाळी त्यात कारखान्याचं काय भरलेलं होतं ते कुणालाच ठाऊक नाही. बाजारात मिळणारं ओगराळं माठासाठी बनवलेलं असतं, त्याचा दांडा फार तर फूटभर. ड्रम काठोकाठ भरलेला असतो तोवर ते चालतं. पाणी निम्म्याखाली गेलं की ओगराळं पोचत नाही. मग बाई वाकते, दंडापर्यंत हात आत जातो, साडीचा पदर कडेला घासतो. पाणी आणखी खाली गेलं की ड्रम कलता करायचा, लहान मुलाने तो धरायचा आणि तळाचं पाणी प्लास्टिकच्या मगने खरवडायचं. ओगराळं टांगायला खिळा ठोकावा तर भिंत पत्र्याची. ते ड्रमच्या झाकणावर ठेवलं जातं, आणि झाकणावर माश्या बसलेल्या असतात, मुलांचे हात लागलेले असतात. अशा खोलीत सेविकेने सांगितलेला नियम पाळायचा म्हणजे रोज कसरत करायची.

यावर एक शहाणा सल्ला नेहमी मिळतो : मग ड्रमला खाली तोटी बसवा. ते तर ओगराळ्याहूनही उत्तम. हातच लागायचा नाही. पण तोटीखाली कळशी मावायला हवी, म्हणजे ड्रम फूट-दीड फूट उंच चौथऱ्यावर हवा. त्या उंचीवर पाणी चढवणार कोण? मुंबईच्या कित्येक वस्त्यांत नळाला दाबच इतका कमी असतो की लोकांनी नळासाठी जमिनीत खड्डा खणलेला असतो. जमिनीच्या वर तोटी आणली की पाणी थांबतं. खड्ड्यात उतरून, वाकून, हंड्यात पाणी धरायचं आणि हंडे उचलून ड्रममध्ये रिकामे करायचे. वीस लिटरचा कॅन म्हणजे वीस किलो. दोनशे लिटरचा ड्रम भरायचा तर असे दहा कॅन, आणि तेही उंच चौथऱ्यावर. पाणी काढताना हात बुडतो की नाही, याचा निकाल असा जलवाहिनीतल्या दाबावर लागतो. तो दाब ठरवणारी माणसं पालिकेच्या जल विभागात बसतात, वस्तीत नाही.

ड्रम आहेच कशाला, हा त्याच्याही आधीचा प्रश्न. पाणी काही तासच येतं म्हणून ड्रम आहे. कुठे पहाटे चारला, कुठे दुपारी, कुठे दोन तास, कुठे त्याहून कमी. व्हॉल्व फिरवणारा चावीवाला कधी येतो यावर वस्तीचा दिवस ठरतो. कामावर जायची वेळ, मुलीची शाळा, झोप, सगळं त्याच्यामागे. आणि तासांवर मोजून दिलेलं पाणी हे आरोग्याच्या दृष्टीने मुळातच धोक्याचं असतं. वाहिनीत सतत दाब असला की गळतीच्या जागी पाणी बाहेर जातं. दाब गेला की त्याच फटींतून बाहेरचं आत ओढलं जातं. वस्त्यांमधल्या बारीक वाहिन्या कित्येक ठिकाणी गटाराला लागून, कधी गटारातूनच गेलेल्या असतात. त्यात कुणी मोटर लावून पाणी खेचलं तर ही ओढ आणखी वाढते. म्हणून बायका नळ आल्यावर पहिली बादली ओतून देतात. त्यांना जलविज्ञान कुणी शिकवलेलं नाही, वास शिकवतो. नळाच्या टोकाला पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा, असं पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक सांगतं. तेवढा असला तरी उघड्या तोंडाच्या ड्रममध्ये तो हळूहळू उडून जातो. उरलेल्या दिवसासाठी त्या पाण्याला कुठलंच संरक्षण नसतं.

इथे महापालिकेचं एक खातं दुसऱ्या खात्याशी बोलत नाही, असं दिसतं. जल विभाग पाणी तासांवर देतो, म्हणून लोक साठवतात. कीटकनाशक विभागाची माणसं येऊन सांगतात, साठवू नका, ड्रममध्ये डेंग्यूचा डास वाढतो. तेही खरंच आहे. एडिस डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत आठवडाभर पुरतो, आणि स्वच्छ साठलेलं पाणी त्याला फार आवडतं. म्हणून आठवड्यातून एकदा ड्रम उपसून, घासून, कोरडा करा. आरोग्य विभाग म्हणतो, हात घालू नका. या तिन्ही सूचना एकाच बाईच्या पदरात पडतात. उपसून टाकलेलं पाणी परत कधी येणार, हे मात्र तिघांपैकी एकही सांगू शकत नाही.

पाण्याचा साठा काही फक्त गरिबांच्या घरात नसतो. उपनगरातल्या चोवीस मजली इमारतीलाही महापालिका पाणी तासांवरच देते. तिथे फरक एवढाच पडतो की जमिनीखाली टाकी असते, गच्चीवर टाकी असते, मध्ये पंप असतो. रात्री पंप पाणी वर चढवतो आणि चोवीस तास नळ वाहतो. त्या घरातल्या माणसाला पाण्यात हात घालण्याची संधीच येत नाही. स्वच्छतेच्या बाबतीत तो माणूस जास्त शिकलेला आहे म्हणून हे घडत नाही. बांधकाम नियमांनी त्याच्या इमारतीला टाकी सक्तीची केली, सोसायटीने पंपाचं बिल भरलं, म्हणून घडतं. त्याच्या टाकीत कुणी ओगराळं घेऊन उतरा असं सांगत नाही. मग पलीकडच्या वस्तीला पंप आणि टाकीऐवजी उपदेश का मिळावा?

‘पाणीच नाही हो’ हे उत्तर ठरलेलं आहे. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हणही तोंडावर मारली जाते. तर आडात किती आहे ते पाहू. विहार तलावाचं पाणी १८६० मध्ये मुंबईत आलं. त्यानंतर तुळशी, तानसा, मोडक सागर, अप्पर वैतरणा, भातसा, आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. सात जलाशयांतून आज शहराला दररोज सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी मिळतं. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती. आज ती दीड कोटी धरली तरी माणशी रोज २६० लिटर होतात. गळती आणि चोरीत चौथ्यापासून तिसऱ्या हिश्शापर्यंत पाणी जातं, असे आकडे वर्षानुवर्षे पुढे येतात. तिसरा हिस्सा वजा केला तरी १७० लिटरच्या आसपास उरतात. कारखाने, हॉटेलं, कार्यालयं यांचा वाटा बाजूला काढला तरी पिण्या-रांधण्याला पाणी नाही असं म्हणता येण्यासारखी ही स्थिती नाही. आडात आहे. पोहरा कुणाच्या बाजूला कलतो, हा प्रश्न आहे. पालिकेच्या नियोजनातच दीर्घकाळ झोपडपट्टीतल्या माणसाला रोज ४५ लिटर आणि इमारतीतल्या माणसाला १३५ लिटर किंवा अधिक असा हिशेब राहिला. एकाच शहरातल्या दोन माणसांची तहान तिपटीच्या फरकाने मोजणारा हा हिशेब कुठल्याही आरोग्यशास्त्राच्या पुस्तकात सापडणार नाही.

ज्यांना हे ४५ लिटरही अधिकृतपणे मिळत नव्हते, त्यांची गोष्ट आणखी कडू आहे. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरच्या कौला बंदर वस्तीतल्या पाण्याचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथली जवळपास सगळी कुटुंबं माणशी ५० लिटरच्या खाली भागवत होती, आणि खाजगी जोडणीवाल्यांकडून घेतलेल्या पाण्याला पालिकेच्या दराच्या ५० पटींपासून २०० पटींपर्यंत पैसे मोजत होती. मुंबईत पाण्याला सर्वांत जास्त भाव कोण देतं, याचं उत्तर मलबार हिलवर शोधू नये.

वस्त्यांच्या पाण्यासाठी लढणाऱ्या पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१४ रोजी स्पष्ट सांगितलं की पाण्याचा हक्क हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि घर अनधिकृत आहे म्हणून माणसाला पाणी नाकारता येणार नाही. तोवर झोपडी कुठल्या तारखेआधीची, यावर नळ मिळणार की नाही हे ठरत होतं. निकालानंतर ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण लागू व्हायला २०२२ चा मे महिना उजाडला. साडेसात वर्षं. त्या वर्षांत जन्मलेली मुलं ड्रममधलं पाणी पिऊन शाळेत जाऊ लागली. आणि धोरण लागू होणं म्हणजे नळाला पाणी येणं नव्हे. अर्ज, कागद, रहिवासाचा पुरावा, जमीन केंद्राची असेल तर तिथला नाहरकत दाखला, मग मुख्य वाहिनीपासून वस्तीपर्यंतचा खर्च. या सगळ्यातून निघालेल्या नळालाही पुन्हा दाब नसतो.

आपल्याकडे लोकांच्या सवयी बदलून रोग हटवल्याचं उदाहरण म्हणून नारूचं नाव घेतात. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला, आणि तो खरोखर अभिमानाचा विजय आहे. पण तो कसा मिळाला ते पूर्ण सांगायला हवं. नारूचा रुग्ण पायऱ्यांच्या विहिरीत उतरून घागर बुडवायचा, त्याच्या जखमेतून अळ्या पाण्यात जायच्या, सूक्ष्म जलकीटकांच्या पोटात वाढायच्या आणि पिणाऱ्याच्या शरीरात पोचायच्या. पाणी कापडाने गाळून प्या, हे घराघरांत सांगितलं गेलं आणि त्याचा उपयोगही झाला. त्याच्या जोडीला सरकारने पायऱ्या बंद केल्या, विहिरींना कठडे बांधले, हातपंप बसवले. पाण्यात उतरण्याची गरजच काढून टाकली. मुंबईचा स्वतःचा इतिहासही तेच सांगतो. १९११ च्या सुमाराला मलेरियाचे अभ्यासक डॉ. बेंटली यांनी मलेरियाचा संबंध घरोघरच्या विहिरींशी दाखवल्यावर पालिकेने त्या बंद करायला घेतल्या, आणि ते करता आलं ते शहरात नळाचं पाणी आधीच आलेलं होतं म्हणून. विहिरी ठेवून लोकांना फक्त ‘डास होऊ देऊ नका’ असं सांगत बसले असते तर?

ओगराळ्याच्या दांड्याला आणखी एक इतिहास आहे, आणि तो या शहरात विसरून चालणार नाही. पाणी न शिवता, वरून ओतून देण्याची रीत आपल्या समाजात आरोग्यासाठी जन्मली नाही. शाळेत पाणी प्यायचं तर शिपायाने उंचावरून ओतावं लागे आणि शिपाई नसेल तर तहानलेलंच राहावं लागे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतःच्या बालपणाबद्दल लिहून ठेवलेलं आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा समाजसुधारक सी. के. बोले यांचा ठराव याच मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ च्या ऑगस्टमध्ये मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेने तो मान्य केला, तरी प्रत्यक्ष पाणी घ्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. चवदार तळ्याच्या पाण्यात हात घालणं, ओंजळ भरून पिणं, हाच तिथे सत्याग्रह होता. ज्यांच्या आजी-आजोबांना ‘पाण्याला हात लावू नका’ हे वाक्य वेगळ्या अर्थाने ऐकावं लागलं, त्या वस्तीत जाऊन तेच वाक्य आरोग्याच्या नावाने बोलताना स्वर सांभाळायला हवा. वस्तीतच वाढलेल्या सेविका तो सांभाळतात, हे मी पाहिलेलं आहे. जुलाबाची साथ आली की ‘रहिवाशांच्या अस्वच्छ सवयींमुळे’ असं लिहिणाऱ्या अहवालांना तो सांभाळता येत नाही.

कुणी म्हणेल, चोवीस तास पाणी यायला वर्षं लागतील, तोवर काय मुलांनी जुलाबाने मरायचं? नाही. तोवर ओगराळं हवंच, उकळणं हवंच, क्लोरीनची गोळीही हवी. माझं म्हणणं असं की तोवरच्या उपायाचीही जबाबदारी पालिकेने घ्यावी. बाईला फक्त सांगू नये, तिच्या हातात साधन द्यावं. पिण्याचं पाणी धुण्या-भांड्याच्या ड्रमपासून वेगळं ठेवता येईल असं अरुंद तोंडाचं, तोटीचं, पंधरा-वीस लिटरचं भांडं, एका बाईला उचलता येईल एवढं. शहराच्या अंदाजपत्रकात हा खर्च दिसणारसुद्धा नाही. ओगराळंच द्यायचं तर ते ड्रमच्या तळापर्यंत पोचेल आणि ड्रमच्या कडेला अडकवता येईल असं द्यावं. चांगली कारखानदारी असलेल्या या शहराला एवढी एक वस्तू घडवता येत नाही, हे मी मानायला तयार नाही.

आणि उकळण्याचा हिशेबही मांडावा. पाच-सहा माणसांचं पिण्याचं पाणी रोज वीस मिनिटं उकळलं तर सिलिंडर किती आधी संपतो, हे सल्ला देणाऱ्यांपैकी कितीजण सांगू शकतील? हा खर्चही पाणीपट्टीत धरला तर वस्तीतलं पाणी इमारतीतल्या पाण्यापेक्षा कितीतरी महाग निघेल.

चोवीस तास पाण्याचा प्रयोग मुंबईत झालेलाच नाही असं नाही. वांद्रे पश्चिम आणि मुलुंड या दोन विभागांसाठी तो जाहीर झाला, काम झालं, बातम्या झाल्या. शहरभर तो पोचला नाही. पुन्हा करायचाच असेल तर तो वस्तीच्या टोकाकडून सुरू करावा, असं मला मनापासून वाटतं. गच्चीवर टाकी असलेल्या घराला चोवीस तास नळ आधीच आहे, त्याला नव्या योजनेने फार काही मिळत नाही. ड्रमवाल्या घराला सगळं मिळतं. भांडुपच्या डोंगरावरची वस्ती, गोवंडीचं शिवाजीनगर, मालाडची मालवणी इथे डोंगराच्या किंवा वाहिनीच्या टोकाला वस्तीची सामाईक टाकी आणि पंप बसवून, गल्लीगल्लीत दाबाने पाणी देता येतं. इमारतींसाठी जे तंत्र शंभर वर्षं वापरलं जातंय त्यात नवं काही शोधायचं नाही. त्या पंपाचं वीजबिल पालिकेने भरावं, जसं ती रस्त्यावरच्या दिव्यांचं भरते.

तोवर निदान एक गोष्ट उद्यापासून करता येईल. पालिका पाण्याचे नमुने तपासते. प्रत्येक वस्तीत सर्वांत शेवटच्या नळावर पाणी कोणत्या वेळी आलं, किती वेळ टिकलं, दाब किती होता आणि क्लोरीन किती शिल्लक होता, हे चार आकडे दर आठवड्याला विभाग कार्यालयाच्या फळ्यावर आणि वस्तीच्या नाक्यावर मराठीत आणि हिंदीत लावावेत. जुलाबाचे रुग्ण त्याच कागदावर त्याच वस्तीपुढे लिहावेत. साथ आल्यावर नगरसेवकाला, अभियंत्याला आणि आरोग्य अधिकाऱ्याला मग एकाच कागदासमोर उभं राहून उत्तर द्यावं लागेल.